चिखले वसवलं कोणी?

आमच्या शेजारच्या मधुकाकांसमोर "आज उकडतंय" असं म्हणायचीही सोय नाही. लगेच विचारतात, "पुरावा काय?" जन्मभर बोर्डीच्या शाळेत इतिहास शिकवला, त्याचा हा परिणाम. चिकूवालीने "गोड आहेत" म्हटलं की तिला पुरावा म्हणून एक चिकू कापावा लागतो. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर वाढलंय म्हटलं, तर यांनी मशीन शेवटचं कधी तपासलं ते विचारलं. त्यांना पुरून उरायच्या त्या एकट्या काकी. त्या माहेरच्या उंबरगावच्या. आमटीत मीठ असल्याचा पुरावा मागितला की शांतपणे गुजरातीत म्हणायच्या, "पुरावो तमारी जीभ."

काकी मागच्या दिवाळीआधी वारल्या. तेव्हापासून आमटी अळणी झाली तरी काका काही विचारत नाहीत.

अशा माणसाकडे ग्रामपंचायतीने नाक्यावर लावायच्या पाटीचा मजकूर मागितला, चिखले गाव कसं वसलं त्याचा. गावात सांगतात, कुणा राजाचा सरदार इथे मुक्कामाला उतरला आणि त्याने वस्ती केली. काकांनी पहिल्याच दिवशी सरदाराला हाकललं. मला ओट्यावर बसवून सांगितलं, की इटलीतल्या फ्लॉरेन्सचंही असंच होतं. म्हणे रोमच्या सम्राटाने वसवलं. पुढे तिथले पंडित जुनी पुस्तकं घेऊन बसले आणि म्हणाले, सम्राट कसला, त्याच्याही आधी रोममध्ये राजा नव्हता तेव्हाच्या साध्या शिपायांनी इथे जमिनी कसल्या आणि शहर उभं केलं.

"त्यांना स्वतंत्र बाण्याचे पूर्वज हवे होते रे. शोधले, तर सापडले."

"मग आपले कोण?" मी विचारलं. काका उठून आत गेले.

तिथून त्यांची झोप उडाली. रोज सकाळी कुंपणाशी येऊन विचारायचे, मजकूर ग्रामसभेत वाचल्यावर कुणी पुरावा मागेल का? मी म्हणायचो, तुमच्याशिवाय गावात पुरावा मागतो कोण? त्याने त्यांचं समाधान होईना. मजकूर तर मलाही दाखवेनात. जन्मभर कमावलेली पत सभेत जाते की काय, अशी मलाच धास्ती बसली.

सभेत त्यांनी उभं राहून वाचलं.

"हे गाव कुणा सरदाराने वसवलं नाही. उंबरगावहून एक बाई होडीने आली. तिने इथल्या खाऱ्या जमिनीत पहिला नारळ लावला आणि ती राहिली. ती राहिली म्हणून बाकीचे राहिले."

सरपंचबाई काकांच्याच विद्यार्थिनी. सरांनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी अगदी आदराने विचारलं, "सर, पुरावा काय?"

काकांनी चष्मा काढून पुसला. परत लावला नाही.

"माझ्या अंगणात आहे ना नारळ," ते म्हणाले.

तो नारळ काकी लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनीच लावलेला, हे सगळ्या गावाला ठाऊक. माझे डोळे भरून आले. सरपंचबाई पाटीच्या रंगाऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लिहा."

पाटी आता नाक्यावर आहे. संध्याकाळी काका तिच्याजवळ उभे असतात. बसमधून उतरून कुणी वाचायला थांबलं, की घाबरून त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. अजून तरी कुणी काही विचारलेलं नाही.