सरूताईंचा समतोल

सरूताईंचा जाहीर सत्कार करावा, असा ठराव पेण-रोहा संयुक्त गुणगौरव समितीच्या बैठकीत गेल्या वर्षी आषाढात एकमताने मंजूर झाला. सरूताईंना त्या बैठकीला बोलावलं नव्हतं, कारण विषय त्यांचाच होता. सूचक मी, अनुमोदक अध्यक्ष हैबतराव, आणि उरलेल्या सदस्यांनी भजी खाल्ली.

मी गुणाजी, समितीचा सचिव. एका कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालो. कागद कुठून आला आणि कुठे गेला एवढंच मी पाहायचो. मधल्या काळात त्याचं काय झालं, हे विचारण्याची आमच्या टेबलाला परवानगी नव्हती. त्याच शिस्तीने पुढचा वृत्तान्त नोंदवतो आहे, म्हणजे उद्या कुणी समितीकडे बोट दाखवायला नको.

सरूताई रोह्याजवळच्या निडीची लेक आणि पेणची सून. संयुक्त समितीला अशी माणसं फार सोयीची. एरवी पेणच्या माणसाचा सत्कार केला की रोहेकर रुसतात, आणि रोह्याच्या माणसाचा केला की पेणकर चहालाही थांबत नाहीत. सरूताई पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. मूर्ती घडवणारे पुष्कळ, रंगवणारे त्याहून पुष्कळ. पण देव आपल्याकडेच बघतोय असं घरातल्या प्रत्येकाला वाटेल, असा बुबुळाचा ठिपका टेकवणं दहांत एखाद्यालाच जमतं. शिवाय मिठागरात राबलेल्या बायकांवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं आहे. समितीच्या सर्व सदस्यांकडे त्याची सप्रेम भेट प्रत आहे. मुखपृष्ठ फार सुंदर आहे.

याखेरीज डोलवीच्या कंपनीत शिफ्टवर जाणारा नवरा, सासू, गुरुवारचं भजन, रविवारी गडबच्या पोरांसाठी चित्रकलेचा फुकट वर्ग, आणि विसर्जनाच्या दिवशी खाडीवर निर्माल्य गोळा करणं. ही बाई एकटी एवढं सगळं कसं करते, याचं आम्हांला मनापासून कौतुक वाटे. त्यातलं एखादं काम आपण उचलावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण मन कौतुकात गुंतलेलं होतं. म्हणून पुरस्काराचं नाव ठरलं 'समतोल गौरव'. कला, संसार, श्रद्धा आणि समाजसेवा या चारही आघाड्यांवर तोल सांभाळणाऱ्या व्यक्तीला तो द्यायचा होता.

बातमी द्यायला मी आणि हैबतराव त्यांच्या घरी गेलो. सासूबाई, म्हणजे ठमाबाई, ओटीवर तांदूळ निवडत होत्या. सरूताई आतून हात पुसत आल्या.

"ताई, अभिनंदन! तुमचा सत्कार ठरलाय," हैबतराव म्हणाले.

"सत्कार राहू द्या काका. मला त्यापेक्षा एक सकाळ द्या."

"कसली सकाळ?"

"हरतालिकेची."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरच्या गणपतीचे डोळे घरच्या सुनेनं आखायचे, ते हरतालिकेच्या सकाळी, उपाशीपोटी, तोंडातून शब्द न काढता, एका बैठकीत. ठमाबाईंनी ते चाळीस वर्षं केलं. त्यांचा हात कापायला लागला तेव्हा त्यांनी ब्रश सुनेच्या हातात दिला.

"वर्षभर लोकांच्या देवांचे डोळे आखते मी. हा एकच माझा असतो," सरूताई म्हणाल्या. "तेवढी सकाळ मला कुणी फोन करू नका, दार वाजवू नका. बाकी तुम्ही म्हणाल ते करीन."

"व्हय, तेवढी सकाळ सोडा बाबांनो," ठमाबाई म्हणाल्या. "बाकी मंग तिला कापून खावा."

मी वहीत नोंद केली: 'सत्कारमूर्तींनी आनंदाने संमती दिली. समिती म्हणेल ते करण्याचे आश्वासन दिले.'

पुरस्कार म्हटला की फॉर्म आला. फॉर्मला चार परिशिष्टं होती, आणि प्रत्येक परिशिष्टाच्या तीन साक्षांकित झेरॉक्स प्रती लागत. पतीच्या ना हरकत पत्रावर प्रविणने 'हरकत आहे, तिला जरा बसू द्या' असं लिहिलं. मला तो कागद परत करावा लागला, कारण हरकत असल्यास ती लिहिण्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. प्रविणने डोक्याला हात लावला आणि सही केली.

फॉर्मसोबत तोल असल्याचा अधिकृत दाखलाही लागत होता, पण तो कोण देतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे. तिथून सरूताईंना रोह्याच्या एका डॉक्टरांकडे धाडण्यात आलं. डॉक्टरांनी त्यांना तीस सेकंद डाव्या पायावर आणि तीस सेकंद उजव्या पायावर उभं केलं आणि लिहून दिलं, 'तोल समाधानकारक.' यात कामाचे दोन दिवस गेले, पण दाखल्यावरचा शिक्का अगदी स्पष्ट उमटला होता.

फोटोचा प्रश्न अवघड निघाला. चारही आघाड्या एकाच फोटोत दिसल्याशिवाय समतोल सिद्ध होत नाही, असं हैबतरावांचं मत पडलं. म्हणजे एकाच वेळी हातात ब्रश, पळी, आरतीचं तबक आणि निर्माल्याची टोपली.

"काका, मला हात दोनच आहेत," सरूताई म्हणाल्या.

"गणपतीला चार असतात," हैबतराव म्हणाले.

"त्याला फॉर्म भरायला लागत नाहीत."

शेवटी प्रविण आणि ठमाबाई त्यांच्या मागे उभे राहिले आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी एकेक हात पुढे काढला. फोटो झकास आला. समितीने तो नामंजूर केला. शेरा मीच लिहिला: 'फोटोत घरच्यांची मदत दिसते. तोल सत्कारमूर्तींनी एकट्याने सांभाळणे अपेक्षित आहे.'

मग निघालं मानपत्र. ते कुणी लिहावं यावर समितीत बराच खल झाला. पेणपासून रोह्यापर्यंत लिहितं माणूस कोण? सरूताई. अक्षर कुणाचं चांगलं? सरूताईंचं. भोवतीची वेलबुट्टी कोण काढणार, हे विचारण्यात अर्थच नव्हता. सरूताईंनी निमूटपणे चार ओळी लिहून आणल्या: 'ही बाई डोळे आखते. थोडं लिहिते. देवाचं नाव घेते. घरचे सांभाळून घेतात म्हणून जमतं.'

समितीने ते परत पाठवलं. 'मजकुरात सत्कारमूर्तींविषयी पुरेसा आदर दिसत नाही. सुधारून फेरसादर करावे.' दुसऱ्या खेपेस आदर वाढला, पण 'तेजस्विनी' हा शब्द आला नव्हता. तिसऱ्या खेपेस तो तीनदा आला आणि मजकूर मंजूर झाला.

एकदा मानपत्र त्यांच्याकडे गेल्यावर बाकीची कामं आपोआप त्याच वाटेने गेली. मंचामागचा पडदा रंगवणं, दारातली रांगोळी, भजनी मंडळाकडून स्वागतगीत बसवून घेणं, सूत्रसंचालन, आणि स्मृतिचिन्ह म्हणून द्यायच्या छोट्या गणपतीचे डोळे. समितीच्या स्वयंसेवक प्रमुखही त्याच असल्याने चहाची व्यवस्था ओघानेच आली. प्रत्येक कामासाठी मी फोन करून सुरुवात एकाच वाक्याने करी, "ताई, जरा एवढं." कामं वाढली हे मी नाकारत नाही. पण ती सगळी त्यांच्याच सत्काराची होती. दुसऱ्याच्या सत्कारासाठी एखाद्या बाईला असं राबवलं असतं, तर त्याला पिळवणूक म्हणाले असते लोक.

तारीख शेवटी ठरली. प्रमुख पाहुणे फार मोठे. त्यांना साऱ्या महिन्यात एकच वेळ मोकळी होती, हरतालिकेची सकाळ, दहा वाजता, रोह्याच्या सभागृहात. मी वही उघडून पाहिली. सकाळ सोडण्याविषयीची अट नोंदीत कुठेही नव्हती.

मी फोनवर तारीख सांगितली.

"काका, तीच सकाळ," त्या म्हणाल्या.

"ताई, सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय."

मी वहीत 'तारीख मान्य' अशी नोंद केली. फोन ठेवताना मागून ठमाबाईंचा आवाज ऐकू आला, "काय गो सरू, काय झाला?"

हरतालिकेच्या दिवशी सरूताई पहाटेच्या गाडीने पडदा, रांगोळीचे डबे आणि मानपत्र घेऊन रोह्याला पोचल्या. पाहुणे बारा वाजता आले. तोवर दोनशे लोकांना दोनदा चहा झाला. तो उपाशीपोटी सरूताईंनीच दिला, आणि उपवासाची नोंद आम्ही 'श्रद्धा' या परिशिष्टात घेतली.

पाहुण्यांनी पन्नास मिनिटं भाषण केलं. विषय होता, स्त्रीला स्वतःसाठी वेळ मिळाला पाहिजे. टाळ्या फार पडल्या. त्यानंतर सत्कारमूर्तींना मंचावर बोलवायचं होतं. पण बोलवायचं काम सूत्रसंचालिकेचं, आणि सूत्रसंचालिका तिसऱ्या चहाला गेलेली. मंचावर सात मिनिटं कुणी काहीच बोललं नाही. शेवटी मी माइक घेतला.

"सत्कारमूर्ती कुठे आहेत?"

"कप इसळतायत!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्या ओल्या हातांनी आल्या. हार घालायचा होता स्वागताध्यक्षांनी, आणि स्वागताध्यक्षाही त्याच निघाल्या. हैबतरावांनी प्रसंगावधान राखून हार स्वतःच्या गळ्यात घालून घेतला. तेवढ्यात पाहुणे उठून गेले. मानपत्र वाचताना सरूताईंचा आवाज 'तेजस्विनी'वर तिन्ही वेळा अडखळला. कार्यक्रम यशस्वी झाला. पडदा उतरवून, सतरंज्या मोजून देऊन त्या पेणला पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती.

दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. मंचावरच्या सात मिनिटांच्या गैरहजेरीबद्दल लेखी खुलासा मागणारी नोटीस हैबतरावांनी काढली होती. सणाचा दिवस म्हणून पोस्टाने न पाठवता मी स्वतः घेऊन गेलो. दर्शनही झालं असतं.

मखरात गणपती बसलेला. रंग, दागिने, सोंड, सगळं नेहमीसारखं देखणं. फक्त डोळे मिटलेले होते.

"हे काय ताई?"

"उन्हं कलल्यावर बसले आखायला," सरूताई म्हणाल्या. "ब्रश टेकवला आणि हात थरथरला. दुसऱ्यांदा टेकवला आणि रडूच आलं. थरथरत्या हातानं देवाला नजर देऊ नये म्हणतात. मग मिटूनच टाकले. दोन रेषा. चार मिनिटांत झालं." त्या हसल्या, पण डोळे सुजलेले होते. "वाईट वाटलं हो काका. फार वाईट वाटलं."

"नको वाईट वाटून घेऊ गो," ठमाबाई म्हणाल्या. "दिसभर वाट बगत व्हता बिचारा. निजला तर निजू दे."

मी हात जोडून उभा राहिलो. आधी थोडं चुकल्यासारखं झालं. मग, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच देवापुढे उभं राहून मी निवांत श्वास घेतला. नोटीस खिशातून काढून सरूताईंच्या हातात देताना कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी हैबतराव येऊन गेले. ते पाऊण तास मूर्तीपुढे बसले आणि जाताना म्हणाले, "काय प्रसन्न वाटतंय इथं! आमच्याकडचा सारखा रोखून बघत असतो." दीड दिवसात अर्धं पेण येऊन गेलं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर रोह्याला पोचला. तिथल्या एका विद्वानाने हे गणपतीचं ध्यानस्थ रूप असल्याचं सांगितलं, आणि एकदा विद्वान बोलल्यावर लोकांची उरलीसुरली भीड चेपली.

यंदा कारखान्यात मिटलेल्या डोळ्यांच्या मूर्तींची नोंदणी फाल्गुनातच संपली. पहिलं नाव हैबतरावांचं, दुसरं माझं, तिसरं ते फार मोठे पाहुणे. त्यांच्या मागे झाडून सगळी समिती. कारखान्याचे मालकही खूश आहेत, कारण अर्ध्या तासाचं काम चार मिनिटांत होतं. सरूताईंच्या सकाळी आता मोकळ्या असतात. त्यांनी दुसरं पुस्तक लिहून पूर्ण केलं. त्यात आमच्या समितीवर एक मोठं प्रकरण आहे असं ऐकतो. आम्हां सर्वांना सप्रेम भेट प्रती मिळाल्या आहेत. मुखपृष्ठ याही वेळी सुंदर आहे.

यंदा हरतालिकेची सकाळही त्यांना ठरल्याप्रमाणे मिळणार आहे. घरच्या मूर्तीला त्या पूर्वीसारखेच उघडे डोळे आखणार आहेत. हात बसावा म्हणून त्यांनी परवा तशीच एक मूर्ती आधी करून पाहिली. मी ती बघितली. शाडूची आहे, सुबक आहे, खोलीत कुठल्याही कोपऱ्यात उभं राहिलं तरी थेट आपल्याकडेच बघते. ती कारखान्याच्या फळीवर पडून आहे आणि न्यायला कुणी तयार नाही. समितीच्या प्रत्येक सदस्याला माझं विचारून झालं. प्रत्येकाच्या घरी काही ना काही अडचण आहे.

आपण इथवर वाचलंत, म्हणजे आपल्याला सरूताईंविषयी कळवळा आहे. तेव्हा ती मूर्ती आपण न्यावी, अशी समितीतर्फे विनंती करतो. सोबतच्या फॉर्मवर सही केली की झालं. नेता येणार नसेल तर कारण लिहू नये. त्यासाठी रकाना ठेवलेला नाही, कारण सगळ्यांचं एकच असतं.