नाफडेकाकांनी लॉन खणलं

नाफडेकाकांकडे पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी बेसमेंट दाखवतात. आपण बूट काढतोय तोच काका दंडाला धरून जिना उतरवतात, कपाटाएवढ्या मशीनला जोडलेले दोन पाइप हातांत देतात आणि विचारतात, "कुठला गार?" आमच्या हिच्या मावशींचा न्यू जर्सीतला तो पहिलाच दिवस होता. त्यांनी दोन्ही पाइपांना नमस्कार केला.

मी काकांचा शेजारी. हे मशीन यायच्या आधीच्या एका शनिवारी सकाळी पडदा सारला तर काकांच्या लॉनवर बोअरवेलचा ट्रक! माझ्या हातातला चहा सांडला. ज्या लॉनवर पोरांचा बॉल गेला तर परत मिळायचा नाही, त्याचा पार चिखल झाला होता. मी स्लिपरवरच धावलो.

"काका, नळाला पाणी येतंय ना?"

"पाणी कोणाला हवंय? हीट काढतोय."

मला वाटलं, संपलं. रिटायर झाल्यावर माणसाचं असं होतं म्हणतात.

"भावना बाजूला ठेव मंदार, फिजिक्स बघ," काका म्हणाले. हे त्यांचं पालुपद. "फ्रिज मागून गरम लागतो ना? आतली ऊब काढून मागे टाकतो म्हणून. आता असं समज, लॉन म्हणजे फ्रिजचं आत आणि घर म्हणजे त्याची पाठ. वर कितीही स्नो पडू दे, खोलवर जमीन जवळजवळ एकाच टेंपरेचरला असते. पाइपातलं पाणी खाली जाणार, तिथली ऊब घेऊन वर येणार, बेसमेंटमधलं मशीन ती वाढवणार आणि फ्लोअरखालच्या नळ्यांत सोडणार. जाळायचं काहीच नाही!"

"पण काका, घर गरम करायला तुमची गॅसची फर्नेस तर मस्त चालतेय!"

काकांना एकदम ट्रकवाल्याशी बोलायचं आठवलं.

तसे काका पक्के नास्तिक. काकू पूजेला बसल्या की हे मुद्दाम मोठ्याने बातम्या लावत. फक्त एका विषयावर त्यांचं फिजिक्स बंद पडायचं. निखिल. एकुलता एक मुलगा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून अमेरिकन सैन्यात गेला आणि तिथून इराकला. त्याने सही केली त्याच दिवशी काकांनी जाहीर केलं, "मला मुलगा नाही." तेव्हापासून त्याचे फोन फक्त काकू घेत. फोन लांबला की त्यांचं जेवण सुटायचं. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि काकांसमोर कोणी त्याचं नावही काढत नसे.

लॉन खणल्यानंतरच्या हिवाळ्यात काकू बहिणीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या. एका संध्याकाळी मी बर्फ उपसायचं फावडं परत करायला गेलो. काकांनी दार फटीएवढंच उघडून मला आत घेतलं, पण बेसमेंटकडे वळले नाहीत. मी कोट टांगून त्यांच्या मागे गेलो आणि जागीच थिजलो. काका देवघरासमोर अनवाणी मांडी घालून बसले आणि तेवत्या निरांजनात तूप घालू लागले. नाफडेकाका! तूप!

"ही सांगून गेलीय," ते मान वर न करता म्हणाले. "निखिल घरी येईपर्यंत खंड पडू द्यायचा नाही."

ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ती फर्नेस सुरू झाली की तिची गरम हवा सोडणाऱ्या त्या जाळीच्या व्हेंटमधून वारा सुटायचा आणि हे विझायचं. हिला वाटायचं, तिकडे काही झालं. घास उतरायचा नाही तिला."

"अहो, मग काच लावायची!"

"लावली होती. म्हणाली, पोर तिकडे कोंडल्यासारखं, आता इथेही त्याला काचेत कोंडू? व्हेंट बंद केलं तर थंडीने काकडायची. मग म्हटलं, घरात वाराच नको."

एवढ्याशा ज्योतीसाठी या माणसाने सगळं अंगण पोखरलं होतं, आणि गावाला फिजिक्स शिकवत बसला होता.

"फोन आला का त्याचा?"

"बऱ्याच दिवसांत नाही," काका म्हणाले आणि वात सारखी करत राहिले.

मी गुपचूप उठलो. बाहेरचं दार उघडलं मात्र, बर्फाळ वारा थेट घरात घुसला. मागे वळून पाहतो तर काका दोन्ही हात पसरून निरांजनावर असे झेपावले होते, की मला वाटलं त्यांचा शर्ट पेट घेतो.

"दार लाव! मंदार, दार लाव!"

मी बाहेर उडी मारून दार ओढून घेतलं. कोट आतच राहिला होता. अंगावर बर्फ भुरभुरत होता, दात वाजत होते. बेलवर बोट ठेवलं, पण काकांना पुन्हा दार उघडायला लावायची माझी छाती झाली नाही. मी तसाच कुडकुडत घरी गेलो.