गार्लंडचा कायदा

ट्रायफीना पार्डीच्या नावाने यंदा मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या थोरल्या हरणाच्या, शिकारीचा परवाना निघाला आणि त्या आनंदात तिने पाव करपवला. लोअर गूज कोव्ह या किनाऱ्यावरच्या लहानशा गावात पाव करपणं ही लहान गोष्ट नव्हे. पण परवान्यांच्या सोडतीत नाव यायची वाट तिने वर्षानुवर्षं पाहिली होती. आजवर नवऱ्याने, भावाने, शेजाऱ्यांनी मारलेल्या मूस तिने सोलल्या होत्या, कापल्या होत्या, बरण्यांत भरून हिवाळाभर पुरवल्या होत्या. आता तिला स्वतःची मूस हवी होती. परवाना ज्याच्या नावाचा, गोळी त्यानेच झाडायची. नेमबाजीची परीक्षा ती भाचीच्या बंदुकीवर पास झाली होती, पण भाची आता बंदुकीसकट अल्बर्टाला नोकरीला गेली होती. घरात उरली एकच रायफल, सासऱ्यांची.

अडचण अशी, की फीनाची उंची बेताची आणि रायफलीचा लाकडी दस्ता लांबलचक. खांद्याला लावली की तिचं बोट चापापर्यंत पोचेना.

"गार्लंड, दस्त्याचं टोक जरा कापून दे," ती नवऱ्याला म्हणाली. "चार बोटं पुष्कळ झाली."

गार्लंड पाव काकवीत बुडवत होता. तो पाव तिथेच राहिला. ती रायफल त्याच्या वडिलांची होती. दर रविवारी तो ती हळुवार हाताने पुसायचा. तिच्यावर करवत चालवायची म्हणजे वडिलांच्या पायावर चालवल्यासारखं. पण फीनाला तोंडावर 'नाही' म्हणायची त्याला सवय नव्हती. मग त्याने, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो माणूस जगभर जे करतो, तेच केलं.

"माझी काही हरकत नाही गं," तो म्हणाला. "पण कायद्यात बसत नाही."

"कुठल्या?"

"बंदुकीच्या. स्वतःची असली तरी काही म्हणून फेरफार करायचा नाही. साधा स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. जप्त करतात!"

"मला कसं नाही ठाऊक हे?"

"तू वाचत नाहीस कायदा."

"आणि तू कधीपासून वाचायला लागलास?"

गार्लंडने चहाचा मोठा घोट घेतला. फीना दुकानात यीस्ट आणायला गेली आणि तिथे सहज बोलून गेली. दुपारपर्यंत कोव्हमधल्या प्रत्येक घरी गार्लंडचा कायदा लागू झाला होता.

पहिला आला शेजारचा एल्डन. काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं.

"गार्लंड, लेका, खरं का रे ते? माझा दस्ता तर तुटलेल्या वल्ह्याचा आहे!"

"वल्ह्याचा?" गार्लंड म्हणाला. "मग... वाईटच."

"किती वाईट?"

गार्लंडला तेव्हाच सांगता आलं असतं, की मी गंमत केली. पण खोटं हे उताराला लागलेल्या पिंपासारखं असतं. पहिल्या वळणावर धरलं तर धरलं, पुढे त्याच्यामागे नुसतं पळायचं. "बघावं लागेल," असं तो पुटपुटला.

तेवढ्यात फीना आतून आली. "अरे, मी वेस्लीला फोन केला. संध्याकाळी जेवायला येतोय. त्यालाच विचारू."

वेस्ली किपिंग म्हणजे शिकार खात्याचा अधिकारी. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत फीनापुढे मांडी घालून शिकायला बसलेला.

"अधिकारी येतोय? इथं? आज?" एल्डन गोधडीसकट दाराबाहेर पडला.

पण तो घरी गेला नाही, गावभर सांगत सुटला. तासाभरात मागच्या वाटेने माणसं येऊ लागली. एकाच्या बंदुकीला होडीचा उरलेला हिरवा रंग दिलेला, एकाची हॉकीच्या चिकटपट्टीने बांधलेली. पाद्रीबाबांच्या दस्त्याला तर चर्चच्या जुन्या बाकाचं लाकूड होतं. त्यावर कुणीतरी लहानपणी कोरलेला बदाम अजून दिसत होता.

"सगळं तुझ्या शेडमध्ये ठेवू," एल्डन म्हणाला.

"माझ्या? अरे, तो माझ्याच घरी येतोय!"

"म्हणून तर! ज्या घरी जेवतो, तिथं माणूस झडती घेत नाही. लाज असते पोटाला."

पाद्रीबाबांनी मान डोलावली. त्यामुळे गार्लंडला काही बोलता येईना. बंदुका मासळीच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर जुनं जाळं पांघरलं गेलं.

संध्याकाळी वेस्ली आला. ताटात खारवलेलं मांस, कोबी, सलगम, वाटाण्याचा गोळा असं साग्रसंगीत होतं. बाजेवर म्हातारे बॅक्स्टर काका बसले होते. ते गार्लंडच्या वडिलांचे दोस्त. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण शिजणाऱ्या मांसाच्या वासाला ते आमंत्रणच समजत. एल्डनही आला होता, 'मीठ मागायला', आणि मीठ मिळूनही उभा होता.

"वेस्ली, बाळा," फीनाने विचारलं, "दस्ता कापणं बेकायदा का रे?"

"कोण म्हणतं? लाकूड आहे ते, मावशी," वेस्ली तोंडातला घास गिळून म्हणाला. "कापा, रंगवा, नवं बसवा. नळी मात्र कापून आखूड करायची नाही. आवाज दाबणारं नळकांडं लावायचं नाही. एकदा चाप ओढला की भडाभडा गोळ्या सुटतील, असलं काही करायचं नाही. आणि सगळी मिळून बंदूक ठरलेल्या लांबीच्या खाली जायला नको."

"जाईल ना!" गार्लंड घाईने म्हणाला. "आमची आखूडच आहे."

वेस्लीने कपाटाचं कुलूप काढायला लावून रायफल मोजली. "काका, चार बोटं काय, वीतभर कापलं तरी चालेल."

"वल्ह्याचा दस्ता?" मिठाची वाटी धरून एल्डनने विचारलं.

"चालेल."

"चर्चच्या बाकाचा?"

"तो तर आशीर्वादासकट चालेल."

फीनाने नवऱ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं, असं गार्लंडला वाटलं.

"वेस्ली," ती शांतपणे म्हणाली, "शेडमध्ये दारामागे करवत आहे. आणतोस?"

"करवत हरवली!" गार्लंड ओरडला.

"मोडली!" एल्डन त्याच क्षणी ओरडला.

हरवलेली आणि मोडलेली करवत बघायला वेस्ली गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात करवत होती आणि चेहऱ्यावर रंग नव्हता.

"काका, या कोव्हमध्ये युद्ध होणार आहे का?"

मग सगळं बाहेर आलं. वेस्लीने डोक्याला हात लावला. "एकाही बंदुकीतला फेरफार बेकायदा नव्हता. उघड्या शेडमध्ये बिनकुलपाच्या ठेवल्यात, ते मात्र बेकायदा! कायदा पाळायच्या नादात सगळ्या गावाने कायदा मोडला. एल्डन काका, बोलवा सगळ्यांना. ज्याने त्याने आपली घरी न्यायची, कुलपात ठेवायची. जेवण झालं की घरोघरी येऊन बघणार आहे."

एल्डन मीठ सांडत पळाला.

आता करवत टेबलावर होती, शेजारी रायफल. गार्लंड खाली मान घालून बसला होता.

"बाबांची आहे गं ती," तो हळूच म्हणाला. "एवढंच होतं."

फीनाचा हात करवतीवरून बाजूला झाला. "मग तसं म्हणायचं की, वेड्या. अख्ख्या गावाला कामाला कशाला लावलंस?" तिने करवत उचलून चुलीमागे ठेवली. "राहू दे. यंदा नाही मारत मी मूस."

ती एवढ्या सहज म्हणाली, की गार्लंडने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"त्या सुतळीखाली काय आहे?" वेस्लीने विचारलं. दस्त्याच्या टोकाला डांबरलेली सुतळी घट्ट गुंडाळलेली होती.

"मूठ घसरू नये म्हणून," गार्लंड म्हणाला. "बाबांनी बांधलेली."

"मूठ कुणी तिथं धरतं होय?" बाजेवरून बॅक्स्टर काका म्हणाले. "सोड ती."

सुतळी सुटली. खाली लाकडात सरळ रेघ होती. टोकाच्या पितळी पट्टीचे दोन लांब स्क्रू काढले, तसा दस्त्याचा चार बोटांचा तुकडा अलगद हातात आला. तो कधीच कापलेला होता.

"तुझ्या आईसाठी कापला तुझ्या बापाने," काका म्हणाले. "त्याचा नेम कसला रे! ससासुद्धा त्याला बघून बसून राहायचा. मूस आणायची ती तुझी आई. तू ताडासारखा वाढलास, तेव्हा तिनंच तुकडा परत बसवला. म्हणाली, पोराला आखूड पडेल."

"काका! इतका वेळ का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं? तुम्ही सगळे कायदा विचारत होता."

फीनाने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, खिडकीबाहेरच्या काळोखाकडे रोखून खांद्याला लावली. बोट बरोब्बर चापावर बसलं. गार्लंड पाहत राहिला. त्याची आई कशी उभी राहत असेल, ते त्याला आज कळलं.

आठवड्याने फीनाची मूस आली. गार्लंडने ती सोलली, कापली, बरण्यांत भरली. शेवटची बरणी फळीवर ठेवताना त्याने जरा खाकरून विषय काढला.

"फीना, आता तुझी शिकार झाली. तो तुकडा परत बसवू या का?"

फीना पाव भट्टीतून काढत होती. या वेळी पाव मस्त फुलला होता.

"माझी काही हरकत नाही रे," ती म्हणाली. "पण कायद्यात बसतं का, ते बघावं लागेल."