दवण्याचा फलक

२००६ साली पूर्णा गावाला एक वनौषधी उद्यान मंजूर झालं, आणि मंजूर झालं म्हणून ते करावं लागलं. गोदामांच्या गर्दीत मोकळी म्हणावी अशी एकच जागा उरली होती, ठमाबाईच्या परसातला दवण्याचा वाफा. चैत्रात गावदेवीला दवणा तिथूनच जाई. एरवी वाळक्या काड्यांची धुरी करून ठमाबाई तिन्हीसांजेचे डास हाकलत असे.

सरपंच केसरीनाथ तिचा सख्खा भाचा. वाफा तुझाच, फक्त त्याला उद्यान म्हणायचं, असं त्यानं सांगितलं. ठमाबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही.

उद्घाटनाला गोदामवाल्यांचं एक जर्मन गिऱ्हाईक यायचं होतं. पाहुण्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून फलकावर प्राचीन जर्मानिक नाव, अर्थासकट, द्यायचं ठरलं. नामोत्पत्ती उपसमिती नेमली गेली. तिच्यातल्या प्राध्यापकांनी शोधून काढलं, की दवण्याच्या तिकडच्या चुलतभावाचं जुनं नाव 'मुग्गवुर्त'. मुग्ग म्हणजे चिलट, वुर्त म्हणजे वनस्पती. चिलटं पळवते म्हणून हे नाव पडलं असावं. या 'असावं'वर उपसमिती बराच चहा प्यायली.

एवढा अर्थ मावायला फलक मोठा लागला. मोठ्या फलकाला चौथरा लागला, त्यात अर्धा वाफा गेला. उरलेल्या अर्ध्यात, फलक वाचायला माणसं उभी राहावीत म्हणून, लाद्या बसल्या.

ठमाबाई पंचायतीत गेली.

"केसरी, माजा दवना कुठं हाय?"

"आत्ये, त्याला आता हजार वर्सांचा इतिहास मिलाला."

"बरा झाला. उद्या मी मेली का माजा फोटो पानावर बसव, नि सांग लोकांना, आत्या जेवली."

केसरीनाथनं तिला पहिल्या रांगेतली खुर्ची कबूल केली.

उद्घाटन सायंकाळी झालं. पाहुण्यानं मान खाजवत फलक वाचला आणि वनस्पती कुठे आहे, असं दुभाष्यामार्फत विचारलं. प्राध्यापकांनी फलकावर बोट ठेवलं. पाहुण्यानं फोटो काढला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातल्या निम्म्या डासांसाठी होत्या.

चैत्रात देवीला वाहायला दवणा नव्हता. केसरीनाथनं फलकाचा रंगीत फोटो लॅमिनेट करून पाठवला. ठमाबाईनं तो देवीपुढे ठेवला आणि हात जोडून माफी मागितली. कोणाच्या वतीनं, ते काही ती बोलली नाही.

तुम्हांला एव्हाना 'मुग्गवुर्त' पाठ झालं असेल. दवण्याचा वास आठवतोय का?