सात नापास आणि एक भगदाड

सातवा नमुनाही साहेबांनी नापास केला तेव्हा मिस्त्रीच्या हातातली थापी आपोआप वर गेली. समोर साहेबांचं टक्कल होतं, म्हणून त्याने ती मुकाट्याने घमेल्यात ठेवली.

काम तसं साधं होतं. जुन्या वाचनालयाच्या एका भिंतीत विटांमधला चुना झडला होता, तो नव्याने भरायचा. अट एवढीच, की नवा चुना जुन्यासारखा दिसला पाहिजे आणि विटेपेक्षा मऊ राहिला पाहिजे. साहेब जुन्या इमारतींचे तज्ज्ञ. त्यांच्या खिशात कायम भिंग आणि तोंडात कायम पूर्वज. नमुना पास झाला तरच काम मिळणार होतं, आणि ते मिळालंच असं मिस्त्री सासुरवाडीत सांगून बसला होता. वर हाताखाली मेहुण्यालाही लावून घेतलं होतं.

"वाळू जाड आहे," साहेब म्हणाले.

"मागच्या मंगळवारी तुम्हीच जाड करा म्हणालात."

"जाड म्हणालो, खडी नाही म्हणालो. पूर्वजांचा हात बघा जरा. काढा एक अस्सल तुकडा, शेजारी धरून दाखवतो."

इथेच घोडं पेंड खात होतं. दर नमुन्याला जुन्या चुन्याचा एक तुकडा लागे. तो भिंतीच्या धडधाकट भागातूनच काढायचा, आणि साहेब भिंगाखाली तो चोळून चोळून त्याचा भुगा करत. सातव्या तुकड्याबरोबर चार विटाच खाली आल्या आणि मांजर आरामात बसेल एवढं भगदाड पडलं. साहेबांनी ते पाहिलं नाही. ते भुगा बघत होते.

त्यानंतर साहेब महिनाभर कसल्याशा प्रशिक्षणाला गेले. मिस्त्रीने आठव्या नमुन्यासाठी वाळू तीनदा चाळली, विटांची भुकटी चमच्याने मोजली. घरी तो जेवतानासुद्धा मीठ बोटांत धरून त्याचा रंग बघू लागला, तेव्हा बायकोने मीठ उचलून आत ठेवलं.

एके दिवशी मेहुणा म्हणाला, "भावोजी, ते भगदाड बुजवून टाकलं. उगाच कुणी विचारायला नको."

"कशाने बुजवलंस?"

"सात घमेल्यांत ओल्या गोणपाटाखाली उरलेलं होतं ना, ते सगळं एकत्र कालवून त्याच चार विटा परत बसवल्या. झाडून काढलेली धूळपण गेली थोडी."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला आणि पुन्हा वाळू चाळायला बसला.

महिन्याने साहेब आले. आठवा नमुना त्यांनी भिंगातून पाहिला, नखाने खरवडला आणि नकारार्थी मान हलवली. मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे सासरेबुवा उभे राहिले. साहेब परत निघाले आणि बुजवलेल्या भगदाडापाशी थबकले. पाच मिनिटं ते नाक भिंतीला लावून उभे होते.

"हे बघा," त्यांचा आवाज ओलावला होता. "याला म्हणतात पूर्वजांचा हात."

आता गप्प बसण्यातच शहाणपण होतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कौतुक झालेलं, ते दुसऱ्याच्या नावावर जाताना मिस्त्रीला बघवेना.

"साहेब, हे आम्ही भरलंय. याच महिन्यात, तुम्ही नसताना."

साहेब मनापासून हसले. "तुम्हाला हे जमलं असतं तर आठ नमुने नापास झाले असते का? मेलेल्या माणसांच्या कामावर आपलं नाव टाकू नये." मग त्यांनी आजूबाजूच्या खऱ्या जुन्या चुन्यावर भिंग फिरवलं आणि नाक मुरडलं. "हे मात्र मधे कुणीतरी गबाळ्याने केलेलं दिसतंय. काढून टाका. सगळी भिंत या तुकड्यासारखी करा. काम तुमचं."

साहेब गेले. मिस्त्री मेहुण्याकडे वळला.

"कशाचं किती घातलं होतंस?" त्याने विचारलं.

"मोजलं नव्हतं, भावोजी. पूर्वजांनी तरी कुठे मोजलं असेल?"

मिस्त्रीने सात रिकामी घमेली ओळीने मांडली आणि मेहुण्याच्या हातात झाडू दिला.

"आधी धूळ काढ," तो म्हणाला. "तीच मुख्य दिसतेय."