शुगर जाते ती गच्ची

नीरजाच्या चार बाटल्यांना एक दिवस अखंड ऊन हवं होतं. वरवे बुद्रुकात उन्हाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती उन्हाला एकटं सोडणाऱ्या माणसांची.

भोरच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या जिवावर पीएच.डी. करायची. बाटल्यांत साखरेचं पाणी आणि चिमूटभर पिवळी भुकटी. ऊन पडलं की भुकटी साखर फोडणार, तिच्यातून जळणारा वायू आणि कामाची रसायनं निघणार. "मध्ये सावली पडली तर पुन्हा पहिल्यापासून," तिच्या पुण्याच्या गाइड शेफाली मॅडमनी बजावलं होतं. "आणि शुक्रवारपर्यंत आकडे आले नाहीत, तर प्रबंध पुढच्या वर्षी."

हे काय मांडलंयस, असं सासू साळूबाईंनी विचारलं, तेव्हा नीरजाने घाईत सांगितलं, "उन्हानं साखर मोडते, आई." त्यांनी ते दळण टाकताना गिरणीत सांगितलं. बस्स.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर शेजारच्या सगुणाबाई बाटल्यांना खेटून, उन्हाकडे पाठ करून बसलेल्या. सावली बरोबर बाटल्यांवर.

"मावशी, इथं का बसलात?"

"माजी तीनशेच्या घरात हाय गं."

"काय?"

"शुगर. तुज्याकडं उन्हानं मोडती म्हनं."

"अहो, बाटलीतली मोडते. माणसातली नाही."

"आसंल. मानूस बाटलीपरीस मोटं आस्तंय, येळ लागायचाच. बसते की."

बुधवारी पाचजण होते. सोनबा गादी घेऊन आले होते. अंबूबाई विचारत होत्या, "गोळी खाऊन बसायचं का उपाशीपोटी?" साळूबाई खालून सगळ्यांना बिनसाखरेचा चहा पाठवत होत्या. नीरजाने बाटल्या उचलून पाण्याच्या टाकीजवळ नेल्या.

"बाई तिकडं नेतीया," सोनबा म्हणाले, "म्हंजी तिकडं जोर जास्त आसनार." आणि गादी तिकडं सरकली.

गुरुवारी नीरजाचा धीर संपला. ती गच्चीच्या मधोमध उभी राहिली. "ऐका. साखर मोडते, कबूल. पण मोडली की तिचा गॅस होतो."

सोनबांचा हात पोटावर गेला. "ग्यास?"

"होय. होतच राहतो."

यात शास्त्रीयदृष्ट्या एक अक्षरही खोटं नव्हतं.

सगुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "शुगरला गोळी हाय बाई. ग्यासनं माजा आदीच जीव जातुया." चपला सापडायला लागला तेवढ्याच वेळात गच्ची रिकामी झाली.

शुक्रवारी सकाळी ऊन, बाटल्या आणि नीरजा, एवढेच होते. पहिला बुडबुडा वर आला. तेवढ्यात जिना धडधडला. टेम्पोवाला गेनू, खांद्यावर गॅसची रिकामी टाकी.

"वैनी, हितं साखरंचा ग्यास हुतो म्हनं."

नीरजा बघतच राहिली. आपण नक्की काय करतो, ते गावात पहिल्यांदा कुणालातरी कळलं होतं. आणि ते नेमकं आज कळलं होतं.

"गेनूभाऊ, होतो तो करंगळीएवढा. तुमची टाकी भरेपर्यंत माझी नातवंडं म्हातारी होतील."

गेनूने विचार केला. "हरकत न्हाई. टाकी जिन्यात ठिऊन जातो. नंबर तरी लागल."

दुपार व्हायच्या आत जिना वरपासून खालपर्यंत टाक्यांनी भरला. चौथी सोनबांची होती. पोटाबाहेरच्या गॅसला त्यांची ना नव्हती. आता वर यायला मांजरालाही वाट उरली नाही, आणि बाटल्यांवर दिवसभर ऊन पडून राहिलं, सावलीची एक चुणीसुद्धा न पडता. उन्हं कलली तेव्हा आकडे मॅडमकडे गेले. "छान. इतकं निर्विघ्न कसं जमवलंत?" असं त्यांचं उत्तर आलं.

खालून साळूबाईंची हाक आली. "नीरजा, भाकरी गार व्हतीया. खाली ये."

"कशी येऊ, आई? जिना भरलाय. टाक्या बाजूला करायला सांगा कुणालातरी."

"आजाबात न्हाई," साळूबाई म्हणाल्या. "भाकरी दोरीनं वर धाडते. टाक्यांना हात लावू नगंस. गेनूच्या म्होरं आपली ठिवलीया म्या."