शांत हाय ना?

बाळारामदादा माणसांशी हात मिळवत नाही, भिंतींशी मिळवतो.

कोणाच्याही घरी गेला की चपला काढायच्या आधी त्याचा उजवा पंजा भिंतीवर पडतो. वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे अर्धे मिटतात आणि मग निदान येतं. "तुज्या पंपाचं बेअरिंग गेलं." "वरच्या बाईनं वाटण लावलंय, मिक्सर रडतोय बिचारा." अंजूरला म्हणे एका गोदामाच्या भिंतीला हात लावून त्यानं आत चहाची खोकी आहेत की चादरींचे गठ्ठे, ते सांगितलं होतं. म्हणे म्हणजे मीच सांगत असतो सगळीकडे. पण इतक्या वेळा सांगितलंय की आता ते खरं झालं असणार.

दादाचा कापड विणायच्या लूमचा कारखाना आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत. त्या भिंतीवर आम्ही कधी देवाचा फोटो लावला नाही. लावला असता तर देव दिवसभर मान हलवत बसला असता, आणि मागणाऱ्यांची सोय झाली असती. लूम चालू असले की भांडी फळीवरून चालत जातात, ती आमची बायको संध्याकाळी परत जागेवर आणून ठेवते. भिवंडीत याला कोणी आवाज म्हणत नाही. याला शेजार म्हणतात.

दादाचा स्वतःचा आवाज हा वेगळाच विषय. त्यानं कारखान्याच्या दारात उभं राहून "चाय!" म्हटलं, तर नाक्यावरचा चहावाला किटली उचलतो आणि पार तिकडे वज्रेश्वरीचा चहावाला सुद्धा जरा दचकतो. तिथल्या अकलोलीच्या कुंडांचं पाणी गरम का, यावर लोक गंधक वगैरे सांगतात. माझं मत असं की दादा लहानपणी तिथे आंघोळीला गेला होता आणि कुंडावर उभा राहून त्यानं आईला हाक मारली होती.

हा माणूस गेल्या वर्षी शांततेचा रखवालदार झाला, त्याची ही हकीकत.

झालं असं, की माझी मुलगी दर्शना राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पास झाली. दोनदा हुकली होती, तिसऱ्यांदा निघाली. मी पेढे घेऊन दादाकडे गेलो.

"झाली क ऑफिसर?" दादा ओरडला.

"अजून नाही दादा. आता मुख्य परीक्षा. ती लेखी असते."

"मंग ही काय तोंडी होती?"

"ही गोळे रंगवायची होती. आता तीन-तीन तास बसून लिहायचं. प्रश्न असा येतो, 'चिकित्सक चर्चा करा'. मग दोन्ही बाजू मांडायच्या, मुद्दे काढायचे, शेवटी निष्कर्ष."

दादानं पेढा तोंडात टाकला आणि विचार केला. "दोन्ही बाजू मांडायच्या? मंग भांडान कोनाशी करायचा?"

गंमत इथे संपत होती. घरात दर्शनानं सांगून टाकलं होतं की ही शेवटची खेप. नाही जमलं तर मी ज्या गोदामाच्या ऑफिसात बिलं फाडतो तिथेच, माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती बसणार. मालकानं ती खुर्ची देऊही केली होती. खुर्ची वाईट नव्हती. पण त्या दिवसापासून ऑफिसात गेलो की मी त्या खुर्चीकडे पाठ करून बसू लागलो.

दादाला यातलं एवढंच कळलं की पोरीला डोकं लावून लिहायचंय. झालं. दुसऱ्या सकाळपासून गल्लीत मोहीम सुरू. भंगारवाला "भंगाऽर" म्हणायला तोंड उघडतो तोच दादा त्याच्या अंगावर. "चूप! अंदर लडकी लिखती है!" हे इतक्या जोरात, की भंगारवाल्याच्या हातगाडीवरचे पत्रे थरथरले. नारळवाल्याला सांगितलं, कोयता हळू मार. त्यानं विचारलं, नारळ हळू कसा फोडतात? दादा म्हणाला, "समजावून." पलीकडच्या गल्लीत हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे स्पीकरच्या भिंती. दादा थेट नवरदेवाच्या बापापुढे जाऊन उभा राहिला. काय बोलला ते मला माहीत नाही, म्हणजे सगळ्या भिवंडीला माहीत आहे, कारण सगळ्यांनी ऐकलं. स्पीकर बंद झाला, पण पोरं काही थांबेनात. ती तशीच, बिनआवाजी नाचत राहिली. लांबून बघणाऱ्याला वाटलं वऱ्हाडाला मुंग्या चावल्यात.

आणि असा प्रत्येक गड सर केला की दादा आमच्या खिडकीशी यायचा, पंजा भिंतीवर ठेवायचा आणि दर्शनाला विचारायचा, "काय गो पोरी, शांत हाय ना?"

यानं छपरावरची कबुतरं उडायची. दर्शनाच्या पेनाची उभी रेघ आडवी व्हायची. मग ती खिडकीत येऊन दादाच्या समोर उभी राहायची, हसून मोठ्यानं मान हलवायची. तो खूश होऊन पुढच्या शत्रूच्या शोधात.

दिवसातून कितीदा विचारायचा, शांत हाय ना? मला दारात गाठूनही तेच. मी म्हणायचो, "दादा, तू इथून गेलास की होईल." तोही हसायचा, मीही हसायचो.

मग एका सोमवारी सकाळी फळीवरची भांडी चालली नाहीत.

बायको चहा गाळता गाळता थांबली. "काय झालं हो? लाईट गेली?" पंखा तर चालू होता. बाहेर जाऊन बघितलं तर कारखान्याला कडी. कारागिरांना दादानं त्याच्या भाच्याच्या कारखान्यात लावून दिलं होतं, पोरीची परीक्षा होईपर्यंत. सगळी भिवंडी गप्प केली आणि शेवटी स्वतःचे लूम. भिवंडीत मालक लूम बंद करतो ते दोनच कारणांनी, एक मंदी आणि दुसरं मयत. त्यामुळे नाक्यावरचे दोघं-तिघं भेटायला सुद्धा येऊन गेले, पांढरे कपडे घालून.

आता दर्शनानं भराभर लिहायला हवं होतं, नाही का? शांतता तर अशी, की डब्यात साखर हलली तरी कळावं. ती बसायची. घड्याळ लावायची. प्रस्तावना लिहायची. आणि थांबायची. पाणी प्यायची, टोपण लावायची, काढायची. तीन तास झाले की पानं अर्धी कोरी. पहिले दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी तिनं पेन टेबलावर ठेवलं. "बाबा, हात चालतच नाही. मुद्दे सगळे येतात, पण आतून ढकलणारं कोणी नाही असं वाटतं. काकाला सांगा ना, लूम लावायला."

मी हसलो असतो, पण आठवलं. ही पोरगी पाळण्यात होती तेव्हा लूमच्या आवाजाशिवाय झोपायची नाही. शुक्रवारी कारखाने बंद, की हिचं रडणं चालू. तेव्हा दादा यायचा, पाळण्याशी बसायचा आणि तोंडानं लूम चालवायचा. खटाक-खट, खटाक-खट. ती झोपायची. बऱ्याचदा तिच्या आधी तोच झोपायचा, तोंडातला लूम चालू ठेवून.

मी कारखान्यात गेलो. दार लोटलं. एरवी तिथे बोलायचं म्हणजे हातवारे करायचे. आता माझ्याच चपलांचा आवाज मला परका वाटला. दादा पाठमोरा बसला होता, बंद लूमच्या लोखंडावर पंजा ठेवून.

"दादा," मी म्हटलं.

तो वळला नाही.

"दादा! ए दादा!"

नाही. कोपऱ्यातला पत्र्याचा डबा माझ्या पायानं उडाला आणि असा गडगडत गेला की मीच घाबरलो. दादाच्या मानेवरचा केस हलला नाही. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो ताडकन उठला.

मग तो ओशाळून हसला. "कळला क तुला?"

"कधीपासून, दादा?" हे मी त्याच्या तोंडासमोर, हळू बोललो. त्यानं ओठांकडे बघितलं.

"डावा कान कधीच गेला. उजवा थोडा थोडा करून. आता कोन बोंबलला तर जरा येतो." आणि मग, "कोनाला सांगू नको रं. मालकाला ऐकू येत न्हाय म्हटल्यावर समोरच शिव्या घालतील. आता निदान बाहेर जाऊन घालतात."

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं शेजारी राहून तुम्हाला कळलं कसं नाही? भिवंडीत बहिरा माणूस ओळखायचा तरी कसा? इथे सगळेच ओरडतात, सगळेच "काय?" म्हणतात, सगळेच एकमेकांचे ओठ बघतात. हा मात्र दिवसभर गावाच्या मागे लागून जी शांतता गोळा करत होता, ती झाली की नाही हे त्याला स्वतःला कळत नव्हतं. म्हणून विचारत होता. आणि मी त्यावर विनोद करत होतो.

"पण दादा, लूम का बंद केलेस?"

त्यानं लोखंडावर थाप मारली. "माजे कान यानं खाल्ले. पोरीचं डोकं खाल्लं तर?"

मी त्याला सगळं सांगितलं, हातवारे करून, अर्धं ओरडून. पेन थांबतं, पोरीला लूम पाहिजेत. आधी त्याला पटेना. पटलं तेव्हा असा हसला, की भाच्याच्या कारखान्यातून कारागीर आपणहून परत आले म्हणतात. पण हसता हसता थांबला.

"दिगू, परीक्षेच्या हॉलात लूम हाय क?"

या प्रश्नाची चिकित्सक चर्चा करायला माझ्याकडे दोन बाजू नव्हत्या. एकच होती.

दुसऱ्या सकाळी फळीवरची भांडी पुन्हा चालू लागली आणि दादा आमच्या घरात येऊन बसला. दर्शनाला म्हणाला, "लिही. डावा हात भिंतीवर ठेव." ती लिहू लागली. पेन धावलं. थोड्या वेळानं दादानं खिडकीतून हात केला, तसं पलीकडे कारागिरांनी लूम थांबवले. दर्शनाचं पेन अडलं.

"थांबायचा न्हाय," दादा म्हणाला. "हात काढू नको. भिंत गप्प झाली, तुजा हात न्हाय झाला. बघ, खटाक-खट हाय अजून. हाय ना?"

तिनं डोळे मिटले. "आहे. थोडं आहे, काका."

"तेच धर. कान बंद पडलं तवा मी तेच धरला."

असं रोज चाललं. लूम सुरू, लूम बंद. भिंतीवरचा हात टेबलावर आला, टेबलावरून तिच्या मांडीवर, आणि शेवटी हातही नको झाला. टेबलाखाली तिची टाच तेवढी हलायची. खटाक-खट. पानं भरू लागली. कारागीर वैतागले. "सेठ, चालू करना है के बंद करना है?" दादा म्हणायचा, "दोनों! एक के बाद एक!"

पहिल्या पेपरच्या दिवशी तो आम्हाला तागे वाहायच्या टेम्पोतून घेऊन गेला. केंद्राच्या फाटकाशी दर्शना उतरली, आणि दादानं तिला आशीर्वाद दिला. म्हणजे मोठ्यानं दिला. चौकीदार धावत आला. "आजोबा, आवाज करू नका, आत परीक्षा आहे!" दादानं त्याच्या ओठांकडे बघितलं. सगळ्या भिवंडीला गप्प करणारा माणूस मान खाली घालून फूटपाथवर जाऊन बसला. तीन तास एक शब्द नाही. फक्त मधून मधून उठायचा आणि केंद्राच्या कुंपणाच्या भिंतीवर पंजा ठेवून यायचा.

"काय कळतंय?" मी खुणेनं विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला. "भिंत थंड हाय." आणि माझ्याकडे न बघता पुटपुटला, "मना सगळा नेमी असाच गप्प असतो रं. आता ती बी तितंच बसलीय, एकटी."

मी उठलो आणि जाऊन माझाही पंजा त्या भिंतीवर ठेवून आलो.

घंटा झाली. पोरं बाहेर येऊ लागली, सगळी एकदम बोलत, उत्तरं ताडून बघत. दर्शना आली. दादा उठला. मी आधीच कानांवर हात नेण्याच्या बेतात होतो. पण चौकीदाराचा धाक म्हणा, नाहीतर दुसरं काही, त्यानं तोंड उघडलंच नाही.

ती माझ्यापाशी थांबली नाही. सरळ त्याच्यासमोर, तोंडासमोर जाऊन उभी राहिली. ती खिडकीत येऊन नेहमी अशीच त्याच्यासमोर का उभी राहायची आणि एवढी मोठ्यानं मान का हलवायची, ते मला तेव्हा कळलं. दादाला ऐकू येत नाही हे तिला कोणी सांगायची गरज कधीच नव्हती.

तिनं त्याचा उजवा पंजा घेतला आणि आपल्या मनगटावर ठेवला. तीन तास लिहून तो हात अजून थरथरत होता. बोटांवर शाई होती.

दादानं डोळे अर्धे मिटले. बराच वेळ ठेवला त्यानं हात, एखाद्या मोठ्या कारखान्याच्या भिंतीवर ठेवावा तसा.

"चालू हाय," तो म्हणाला. इतकं हळू, की मलाही त्याचे ओठ बघावे लागले.